चकलीचा हिशेब आणि लेकीची परीक्षा

मैत्रिणींनो, परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे एकाच धाटणीची पत्रं येऊ लागतात. मुलगी कॉमर्सला आहे, रात्र रात्र जागते, गाईडमधली गणितं पाठ करते, पण आकडे जरा बदलले की अडते. आणि शेवटी ठरलेलं वाक्य असतं, ‘आम्ही काही हिशेबशास्त्र शिकलो नाही, तिला मदत ती काय करणार?’

तुम्ही हिशेबशास्त्र शिकला नाहीत, हे मला मान्य नाही. दूधवाल्याचे खाडे मांडणारी, भिशीचा हप्ता बाजूला काढणारी, महिनाअखेरचे चार दिवस निभावून नेणारी बाई रोज हिशेबच करत असते. तिला त्या गोष्टींची कॉलेजातली नावं तेवढी ठाऊक नसतात. लेकीला नावं पाठ असतात, पण त्या नावांमागचा व्यवहार तिनं कधी हाताळलेला नसतो. दोघी एका वहीवर बसलात तर दोघींचंही काम होईल.

म्हणून आज तीन गणितं देते. एक हिशेबाचं, एक संख्याशास्त्राचं आणि एक व्यवसायातल्या नीतीचं. तिन्ही एकाच चकलीच्या धंद्यातली आहेत. आकडे सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. तुमच्या घरी पापड, मसाले, शिवण किंवा शिकवणी चालत असेल तर तिथले खरे आकडे घाला. आणि हो, चिरंजीव कॉमर्सला असतील तर त्यांनाही बसवा!

गणित पहिलं : नफा किती?

एका गृहिणीनं दिवाळीत चकल्या करून विकल्या. बचतीतले ५,००० रुपये वेगळ्या डब्यात ठेवून सुरुवात केली. भाजणीचं धान्य, तेल, तीळ वगैरे सामान ३,६०० रुपयांचं आणलं. पिशव्या आणि लेबलं ४०० रुपयांची. पितळी सोऱ्या ८०० रुपयांचा. हे सगळं रोखीनं. गॅस घरच्याच सिलिंडरमधला गेला, तो ६०० रुपयांचा. २४ किलो चकली झाली. अर्ध्या किलोच्या ४८ पिशव्या प्रत्येकी २०० रुपयांना गेल्या, म्हणजे विक्री ९,६०० रुपयांची. त्यातले १,६०० रुपये उधार राहिले. शेवटी ६०० रुपयांचं सामान उरलं.

आता डबा उघडला तर त्यात ८,२०० रुपये निघतात. घातले होते ५,०००, तेव्हा ३,२०० रुपये सुटले असं बहुतेक जणी म्हणतील. लेकीला विचारा, हे बरोबर का? वहीत तिला असं मांडता यायला हवं.

विक्री ९,६००. सामान ३,६०० चं आणलं, त्यातलं ६०० चं उरलं, म्हणजे वापरलं ३,००० चं. पिशव्या ४००, गॅस ६००. सोऱ्या यंदाच संपणार नाही. तो चार वर्षं टिकेल असं धरलं तर यंदाचा घसारा २०० रुपये. एकूण खर्च ४,२००. नफा ५,४०० रुपये.

डब्यातले ३,२०० आणि वहीतले ५,४०० यांत २,२०० रुपयांचा फरक का पडला, हे तिच्याकडून तोंडी वदवून घ्या. येणं असलेली उधारी १,६००, उरलेलं सामान ६०० आणि घसारा जाऊन उरलेला सोऱ्याही ६००, असे २,८०० रुपये डब्याबाहेर आहेत. उलट गॅसचे ६०० डब्यातून गेलेच नाहीत, ते घरानं भरले. २,८०० मधून ६०० वजा करा, २,२०० येतात.

ताळेबंदही लगेच करून घ्या. एका बाजूला रोख ८,२००, ऋणको १,६००, सामान ६००, सोऱ्या ६००. बेरीज ११,०००. दुसऱ्या बाजूला भांडवल ५,०००, गॅसच्या रूपानं घातलेलं आणखी ६००, आणि नफा ५,४००. बेरीज ११,०००. जुळलं!

यात मुलांची गाडी अडते ती गॅसपाशी. धंदा वेगळा आणि मालकीण वेगळी, हे पुस्तकातलं तत्त्व त्यांना पाठ असतं, पण गॅस घरचा आहे म्हटल्यावर ती तो सोडून देतात. घरानं धंद्याला काही दिलं तर ते भांडवल. धंद्याच्या डब्यातून तुम्ही घरचं दूध आणलंत तर ती उचल. हा डबा आणि घरखर्चाची पर्स वेगळी ठेवलीत तर हे शिकवावंच लागत नाही. फोनवरून पैसे घेत असाल तर धंद्यासाठी वेगळं खातं ठेवा, म्हणजे महिन्याचा उतारा काढला की अर्धी रोजकीर्द तयार मिळते.

जाता जाता तिला आणखी एक कोडं घाला. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी उसन्या ८० रुपयांवर केली. हे ८० रुपये भांडवलात लिहायचे का? नाही. उसने म्हणजे परत द्यायचे, तेव्हा ते देण्यांच्या बाजूला आणि देणारा धनको. परीक्षेत अशा एका शब्दावर मार्क जातात.

आता थोडं तुमच्यासाठी. त्या ५,४०० रुपयांसाठी त्या बाईचे तास किती गेले? निवडणं, भाजणं, मळणं, तळणं, पिशव्या भरणं असे ६० तास धरू. मदतनीस बाईला तासाला ६० रुपये द्यावे लागले असते तर ३,६०० रुपये गेले असते आणि हाती उरले असते १,८००. मालकिणीची स्वतःची मजुरी अशा वहीत खर्च म्हणून लिहीत नाहीत, आणि लेक तसंच सांगेल, ते बरोबरच आहे. पण भाव ठरवताना ती धरायचीच असते. ती न धरल्यामुळेच पुष्कळ घरगुती धंदे ‘चालतात’, आणि चालवणारी बाई मात्र दमून जाते. पुढच्या वर्षी ऑर्डर दुप्पट झाली आणि मदतनीस ठेवावी लागली, की ज्या भावाला नफा दिसत होता त्याच भावाला तो आटतो. दिवाळीआधी हे कळलं तर भाव बदलता येतो. नंतर कळून काय उपयोग?

गणित दुसरं : सरासरीवर किती विसंबायचं?

या चकल्या नऊ गिऱ्हाइकांनी नेल्या. चौघांनी १ किलो, तिघांनी २ किलो, एकानं ३ किलो आणि एका गिऱ्हाइकानं कार्यालयात वाटायला ११ किलो. बेरीज २४. पुढच्या वर्षी गिऱ्हाईकामागे किती सामान धरावं?

लेक झटकन भागाकार करील, २४ भागिले ९, म्हणजे सुमारे २.६७ किलो. तिला विचारा, अग, पावणेतीन किलोच्या जवळपास चकली नेली कोणी? फार तर ३ किलोवाल्यानं. बाकीचे सात जण बरेच खाली आणि एक फार वर. हा झाला मध्य, ज्याला आपण सरासरी म्हणतो. नऊ आकडे चढत्या क्रमानं लावून मधला, म्हणजे पाचवा आकडा घेतला तर येतो २. हा मध्यक. आणि सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा १, तो बहुलक.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. एकूण सामान किती लागलं हे मध्यावरून निघतं. नेहमीचं गिऱ्हाईक साधारण किती नेतं, हे मध्यक चांगलं सांगतो. कोणत्या मापाच्या पिशव्या जास्त आणायच्या, हे बहुलकाला विचारावं. एक मोठा आकडा मध्याला आपल्याकडे ओढून घेतो, मध्यक मात्र जागचा फारसा हलत नाही. त्या ११ किलोच्या जागी ५ किलो घालून दोन्ही पुन्हा काढायला सांगा. मध्य २ वर येईल, मध्यक २ च राहील. असं एकदा हातानं केलं की पाठ करावं लागत नाही.

आणि यातही तुमच्यासाठी काही आहे. ते ११ किलोचं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आलंच नाही तर उरतात १३ किलो. समजा, ती १,६०० रुपयांची उधारीही त्याचीच आहे. म्हणजे निम्म्याच्या आसपास धंदा आणि सगळी उधारी एकाच दारात! नुसत्या सरासरीकडे पाहणाऱ्या बाईला हे दिसणार नाही. अशा गिऱ्हाइकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. संकोच वाटतो, पण घ्यावी.

नमुना पाहणी हा धडाही तुम्हाला नवा नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण पातेल्याच्या वरचंच शीत उचललं तर तळाचा भात कळत नाही, कुठूनही उचलावं लागतं. ४८ पिशव्यांतून वजनाला पाच काढायच्या झाल्या तर पहिल्या पाच घेऊ नयेत. त्या आपण जपून भरलेल्या असतात. चिठ्ठ्या टाकून पाच निवडा. यालाच पुस्तकात यादृच्छिक नमुना म्हणतात.

गणित तिसरं : वीस ग्रॅमची गोष्ट

शेवटचं गणित आकड्यांनी सोपं आणि उत्तराला अवघड आहे. समजा, पिशवीवर ५०० ग्रॅम लिहून आत ४८० ग्रॅमच भरलं. २४ किलोच्या ४८ ऐवजी ५० पिशव्या होतील. विक्री १०,००० रुपये, म्हणजे ४०० रुपये जास्त. जास्तीच्या दोन पिशव्यांचा किरकोळ खर्च सोडला तर तेवढाच नफा वाढला. आता लेकीला तेरीज करायला सांगा. जुळते का?

जुळते. नावे आणि जमा दोन्ही बाजू चोख बसतात. सोऱ्या चुकून खर्चात लिहिला तरी तेरीज जुळतेच, हे ती शिकलेली असते, ती तत्त्वाची चूक. इथं तर वहीत चूकच नाही. लबाडी वजनकाट्यावर झाली आहे आणि वहीला ती दिसत नाही. ४०० रुपये आले कुठून? पन्नास पिशव्यांतून प्रत्येकी २० ग्रॅम, म्हणजे ८ रुपये. आठ रुपयांसाठी कोणी तक्रार करायला येत नाही, म्हणूनच हा मोह मोठा.

दुहेरी नोंदीची पद्धत व्हेनिसचे व्यापारी वापरत होते आणि लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूनं १४९४ साली गणिताच्या ग्रंथात ती छापून सर्वांपुढे ठेवली. तेव्हापासून दोन्ही बाजू जुळवणं जगभर चाललं आहे. पण जुळलेलं सगळं खरं असतंच असं नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोख आणि बँकेतली शिल्लक अस्तित्वातच नाही. तो ताळेबंद जुळलेला होता आणि लेखापरीक्षकांची त्यावर सही होती. फरक आधी लहान होता आणि वर्षागणिक वाढत गेला, असंही त्या पत्रातच होतं. पुढे २०१५ साली न्यायालयानं अध्यक्षांना आणि इतर नऊ जणांना दोषी ठरवलं.

व्यवसायनीतीच्या पेपरात मुलं ‘प्रामाणिकपणा हेच उत्तम धोरण’ लिहून मोकळी होतात. तेवढ्यानं मार्क मिळत नाहीत. तिला चार पायऱ्यांनी लिहू द्या. नेमकं काय घडलं? त्याची झळ कोणाकोणाला बसते? कायदा काय म्हणतो? आणि दुसरा मार्ग कोणता होता? आपल्या गणितात झळ बसते ती गिऱ्हाइकाला आणि पूर्ण वजन भरणाऱ्या शेजारच्या बाईलाही, कारण तिची चकली त्याच भावात महाग पडते. कायद्याचं म्हणाल तर वजनमापांसाठी २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आहे, आणि पिशवीवर लिहिलेलं वजन आत असणं त्यानुसार बंधनकारक आहे. दुसरा मार्गही आहेच. सामान महागलं असेल तर पिशवीवर ४८० ग्रॅम असं स्पष्ट लिहा, नाहीतर पिशवीचा भाव २१० करा. दोन्हींत गिऱ्हाईक नाही म्हणू शकतं. तेवढा हक्क त्याला असलाच पाहिजे.

आता बसायचं कसं?

रविवारी दुपारचा एक तास घ्या. पेन लेकीच्या हातात, प्रश्न तुमचे. उत्तर चुकलं तर लगेच सांगू नका. ‘हा पैसा कोणाचा?’, ‘हा आकडा नेमकं काय सांगतो?’, ‘हे गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचून दाखवशील का?’ हे तीन प्रश्न विचारा. चूक ती आपण होऊन शोधील आणि अशी सापडलेली चूक परीक्षेत पुन्हा होत नाही. गृहीत धरलेली गोष्ट, जसा सोऱ्या चार वर्षं टिकण्याचा अंदाज, उत्तराखाली टीप म्हणून लिहिण्याची सवय लावा.

गाईड फेकून देऊ नका, सरावाला ते लागतंच. पण त्यातली दहा गणितं सोडवण्याआधी घरचं एक सोडवलं, तर त्या दहांतली खाती तिला ओळखीची वाटतील.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर एक रकाना तुमचा असू द्या. त्या दिवशी धंद्याला किती तास दिलेत, ते रोज रात्री तिथं लिहा. तो रकाना लेकीला भरू देऊ नका. तो तुमच्याच हातानं भरा, आणि येत्या दिवाळीचा भाव ठरवताना ते पान आधी उघडा.