लाभार्थींची माहिती गोपनीय ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे

विषय : एचआयव्ही, क्षयरोग, कौटुंबिक हिंसाचार व बालसंरक्षणाच्या कामात लाभार्थींच्या माहितीसाठी लेखी कार्यपद्धती लागू करणे.

महोदय,

आम्ही पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातले समुपदेशक व क्षेत्र कार्यकर्ते आहोत. भोसरी, कुरुळी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे इथल्या कामगारांच्या खोल्यांवर आमचे नेहमी जाणे-येणे असते.

इथे कॉट बेसिसवर एका खोलीत अनेकजण राहतात. बरेचदा एकाच गावचे, एकाच कॉन्ट्रॅक्टरकडचे. औषधाला न आलेल्या रुग्णाला फोन केला की तो खोलीतला दुसराच कोणी उचलतो. घरी गेलो तर गळ्यातले ओळखपत्र पाहून शेजारी चौकशी करतात. गोष्ट सुपरवायझरपर्यंत पोहोचली की कंत्राटी कामगाराला 'उद्यापासून येऊ नको' एवढे सांगितले तरी पुरते. मग खोली जाते आणि बातमी गावी पोहोचते. असा पोळलेला माणूस पुन्हा औषधाला येत नाही. गोपनीयता हा उपचाराचाच भाग आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. विश्वासाने सांगितलेली माहिती संमतीशिवाय उघड करण्यास कलम 8 मनाई करते. नोंदी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कलम 11 संस्थेवर टाकते. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रत्यक्षात नाव, निदान आणि मोबाइल क्रमांक असलेल्या याद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. काम सोडून गेलेला माणूसही त्या ग्रुपमध्ये राहतो. भेटीचा पुरावा म्हणून फोटो मागितले जातात. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. कार्यकर्त्याला स्वतःच्या फोनखेरीज दुसरे साधनच दिलेले नसते. म्हणून 'दक्षता घ्यावी' एवढ्या परिपत्रकाने काही साधणार नाही.

आमची सर्वांत आग्रहाची मागणी बिनखर्चाची आहे. नोंदणीच्या वेळीच लाभार्थीला विचारून लिहून घ्यावे : फोन कधी करायचा, दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचे, घरी यायचे की बाहेर भेटायचे. फॉर्मवर तीन-चार ओळी वाढतील.

याद्या ग्रुपवर टाकणे लेखी आदेशाने बंद व्हावे, क्षेत्रकामासाठी कार्यालयीन फोन मिळावेत आणि चेहरा किंवा घर दिसणारे फोटो कोणी मागू नयेत. कंपन्यांतील आरोग्य शिबिरांत कोणाचाही वैयक्तिक निकाल एचआरकडे जाऊ नये. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास कायद्याचीच मनाई आहे, हे कॉन्ट्रॅक्टरांनाही लेखी कळवावे.

चाकणजवळच्या गावात राहणारा कामगार उपचाराला महापालिकेच्या हद्दीत येतो. त्याची माहिती दोन यंत्रणांतून जाते आणि ती फुटली तर जाब कोणाला विचारायचा, हे ठरलेले नाही. दोन्हीकडे एकच कार्यपद्धती आणि तक्रारीसाठी एक जबाबदार अधिकारी असावा.

मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे काही लपवावे, असे आमचे म्हणणे नाही. मात्र मुलाला आणि त्याच्या विश्वासातल्या पालकाला हे आधी समजावून सांगावे, आणि कायदा सांगतो त्यापलीकडे कागद कोणाच्या हाती जाऊ नये.

महापालिका, जिल्हा परिषद आणि सेवाभावी संस्थांची संयुक्त बैठक आपण लवकर बोलवावी, ही विनंती. कार्यपद्धतीचा मसुदा आम्ही सोबत घेऊन येऊ.

आपले विश्वासू,
पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील समुपदेशक व क्षेत्र कार्यकर्ते

प्रत माहितीसाठी :
मा. आयुक्त, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे