सरासरीच्या आड दडतो शिळा ऊस



आय.एस.ओ. ९००१ चा दाखला कचेरीत टांगला म्हणजे काम संपले असे नव्हे. त्या पद्धतीत व्यवस्थापनाला ठराविक काळाने बैठक घेऊन कामाचा आढावा घ्यावा लागतो. मागच्या बैठकीत ठरले ते झाले का, माल पुरवणाऱ्याचे काम कसे आहे, हेही त्यात पाहायचे असते. आणि साखर कारखान्याला माल पुरवणारे म्हणजे आपणच की!

अशा आढाव्यात सरासरी उतारा सांगून भागत नाही. सरासरीत शिळा ऊस दडतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा. उशीर झाला की वजन घटते, साखरेचे विघटन होते आणि उतारा पडतो. २०२५-२६ च्या हंगामाचा क्विंटलला ३५५ रुपये हा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याशीच बांधलेला आहे. म्हणजे फटका शेवटी आपल्याच बिलाला.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, तोडीपासून गाळपापर्यंतचे तास आणि उसातील पाचटाचे प्रमाण बैठकीपुढे गटवार मांडावे व या पत्रिकेत छापावे. यात आमच्या शेती विभागाचेही उणे निघेल. काट्यावर वेळ नोंदली जाते, फडातली तोडीची वेळ लिहायची मात्र आमच्याकडूनच राहते. निघू द्या उणे! आपणही चिठ्ठीवर तोडीची वेळ लिहून घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नये. दुखणे झाकले तर औषध कशावर करायचे?

— ऊस विकास अधिकारी