गाडीचा पत्रा आणि मृगाचा पाऊस

मे लागला की भिवंडीत सगळ्यांची नजर वर जाते. लूमच्या कारखान्यांवरचे पत्रे बदलले जातात, गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम निघतं, ताडपत्र्या उन्हात पसरल्या जातात. ज्या छताखाली आपली मुलं रोज तासभर बसतात, त्या शाळेच्या व्हॅनच्या छताकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. पहिला मोठा पाऊस येतो, मागच्या सीटवरच्या मुलाचं दप्तर ओलं होतं, आणि मग सिलिकॉनची नळी आणून दिसेल त्या फटीत दाबली जाते. आठवड्याने गळती पुन्हा हजर.

माझे भाईजान अशीच एक ओम्नी चालवतात. तिच्यावरच घर चालतं. गॅरेजमध्ये सगळ्या पत्र्याचं काम करायचं तर दोन महिन्यांची कमाई जाईल, असा हिशेब निघाला. तेव्हा गेल्या वर्षीच्या सुट्टीत त्यांनी आणि माझ्या भाच्याने गल्लीतच गाडी उभी करून काम केलं. मी वही घेऊन बाजूला बसले होते. शिक्षकाची खोड, दुसरं काय! त्या वहीतलं आज तुमच्यासाठी.

ओम्नीचं उत्पादन २०१९ साली थांबलं. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात तरुण ओम्नीसुद्धा आता वयात आलेली आहे. तिचं छत आणि बाजूचा पत्रा ज्या पन्हळीत एकमेकांना भेटतात, तिथे ठिपक्या-ठिपक्यांचं वेल्डिंग असतं, आणि मधल्या फटीत कंपनीने रबरासारखं सीलंट भरलेलं असतं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते कडक होतं, तडकतं. केसाएवढी फट पाण्याला पुरते.

पाणी आत गेलं की पुढचं काम गंज करतो. उर्दूत लढाईला ‘जंग’ म्हणतात आणि गंजाला ‘ज़ंग’. मुलं लिहिताना दोन्हींत गल्लत करतात, आणि खरं सांगायचं तर फारसं चुकत नाहीत. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज धरतो. तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळ्यांचा प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत केला आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाखाली फोड येतो. वर तांदळाएवढा फोड दिसला, तर खाली रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा खाल्लेला असू शकतो.

पहिलं काम गळतीची जागा शोधण्याचं. इथे घाई करू नये, कारण पाणी टपकतं तिथूनच शिरतं असं नाही. पन्हळीत शिरलेलं पाणी छताच्या अस्तरामागून वाहत हातभर लांब पडतं. आतलं अस्तर, पायपुसणी, मागची सीट काढून घ्यावी. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने बारीक धार सोडावी. सुरुवात खालून करावी: आधी दाराचा खालचा भाग, मग काचेचं रबर, शेवटी पन्हळ. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळणारं पाणी सगळीकडेच पोचतं आणि काही कळत नाही. आतल्या सांध्यांवर आधी टाल्कम पावडर फुंकली तर पाण्याची रेघ स्पष्ट उमटते. ही युक्ती माझ्या भाच्याची, अम्मीचा पावडरचा डबा त्यात संपला. जिथे रेघ दिसली तिथे बाहेरून खडूने खूण करायची.

गाडी दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्या. मग जुनं सीलंट खरवडून काढा. आधी कुणी सिलिकॉन लावलं असेल, तर ते कणभरही राहता कामा नये. त्यावर रंग बसत नाही, नवं सीलंटही धरत नाही. शिरक्यासारखा वास येणारं सिलिकॉन तर पत्र्यावर मुळीच लावू नये, सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि तेच गंजाला बोलावतं. एम-सील नळाला ठीक आहे, पण दगडासारखं कडक होतं. आमच्या रस्त्यांवर गाडीचा सांधा दर खड्ड्याला हलतो, तिथे ते तडकणारच.

गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंज मारणारं द्रव लावतात. डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा, धुऊन वाळवावं, थिनरच्या कापडाने पुसावं आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी पुन्हा लालसर दिसेल. प्रायमर वाळल्यावर पन्हळीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मधे पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानात ‘पीयू’ म्हणून मिळतं ते सीलंट भरायचं, ओल्या बोटाने दाबून सपाट करायचं, आणि ते सुकण्याआधीच पट्टी ओढून काढायची. हे सीलंट हवेतल्या दमटपणावर पिकतं, साधारण दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. वरून कोरडं लागलं तरी आत कच्चं असतं. मग रंग. भर उन्हात, हात पोळणाऱ्या पत्र्यावर यातलं काहीच करू नये. सकाळी लवकर किंवा असरनंतर. घासताना तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

एक गोष्ट मात्र चुकूनही बंद करू नका. दारांच्या तळाशी आणि उंबऱ्याच्या पत्र्याखाली लहान लहान भोकं असतात. ती गळकी भोकं नव्हेत, पाणी बाहेर जाण्यासाठी कंपनीनेच ठेवलेली वाट आहे. काचेच्या कडेने दारात थोडं पाणी उतरतंच. भोकं बुजवली की ते आत साचतं आणि दार आतून कुजतं. काडी घालून ती मोकळी करावीत.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. दप्तर भिजणं ही छोटी गोष्ट आहे. गाडीचा मागचा तळ गंजून भोक पडलं असेल, किंवा मागच्या दाराचं रबर मेलं असेल, तर सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो; चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो म्हणून. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने धरून बसतो. मूल घरी येऊन डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणतं आणि आपण म्हणतो, रात्री झोप झाली नसेल. सुट्टीच्या दिवशी बरं, शाळेच्या दिवशी त्रास, असं असेल तर आयांनी गाडीवाल्याला मागचा तळ दाखवायला सांगावं. संकोच करू नये.

तपासणी सोपी आहे. अंधारात एकाने आत बसावं, दुसऱ्याने गाडीखालून टॉर्च फिरवावी. उजेड दिसला तिथे भोक. मागच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावावं आणि पट्टी ओढावी. सहज निघाली तर तिथलं रबर गेलं. दाराभोवती सगळीकडे अशी पट्टी ओढून पाहावी. भाईजानच्या गाडीत छतापेक्षा हेच काम मोठं निघालं.

तळातलं नाण्याएवढं भोक फायबरची जाळी आणि रेझिनने बुजवता येतं. त्याहून मोठं असेल तर कुजलेला भाग कापून नवा पत्रा लावावा लागतो, ते काम वेल्डिंगवाल्याचं. सीट किंवा सीटबेल्ट जिथे बोल्टने बसवलाय, चाकांचा भार जिथे येतो, तिथे फायबर लावून रंग मारणं म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ. बहुतेक व्हॅन सीएनजीवर आहेत. टाकीजवळ ना ग्राइंडर, ना वेल्डिंग. आधी सीएनजीच्या माणसाकडून टाकी उतरवून घ्यावी, बॅटरीची तार काढावी. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, पण पासिंग झालं म्हणून तळ शाबूत आहे असं समजू नये.

कापडाचे तागे नेणाऱ्या बंद टेम्पोचंही हेच शास्त्र. तिथे पत्रे रिव्हेटने जोडलेले असतात. ढिला रिव्हेट वरून सीलंट फासून थांबत नाही. ड्रिलने काढावा, भोक मोठं झालं असेल तर एक माप मोठा रिव्हेट पीयूमध्ये बुडवून बसवावा. ग्रे कापडावर गंजाचा एक डाग पडला की व्यापारी अख्खा तागा परत करतो, हे भिवंडीकरांना सांगायला नको. राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून गाडीतच झोपायची, स्वयंपाकाची सोय करून कोकणात जाण्याची हौस काहींना लागली आहे. त्यांच्या छताला खिडकी, पंखा, पाण्याची नळी अशी जास्त छिद्रं असतात, म्हणून जोखीमही जास्त. माणसं रात्री आत झोपणार असतील, तर वर सांगितलेली कागदाची पट्टी त्यांनी दर सहलीआधी ओढून पाहावी.

काम झाल्यावर गाडी तीन दिवस उभी ठेवा आणि पुन्हा एकदा पाइपची धार सोडून पाहा. आतून कोरडी राहिली, तरच अस्तर आणि पायपुसण्या परत घाला. मृग ७ जूनच्या आसपास लागतो. त्याआधी किमान दहा दिवस हाताशी हवेत.