गच्चीवरचं जंतर मंतर

मुलांनी तासभर खपून काहीतरी बनवावं, ते जमू नये आणि मग चुरगाळून फेकून द्यावं, हा प्रसंग तुमच्याही घरी घडला असेल. अशा वेळी आपण पटकन म्हणतो, "जाऊ दे, मी करून देते." हे वाक्य गिळायला मला एका पुठ्ठ्याच्या सूर्यघड्याळाने शिकवलं.

नाताळच्या सुट्टीत माझी आठ वर्षांची भाची पुण्याहून जयपूरला आली होती. तिला जंतर मंतर बघायला नेलं. तिथलं सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्याच्या सावलीवरून २ सेकंदांपर्यंत अचूक वेळ कळते. घरी येताना बाईसाहेबांनी जाहीर केलं, "मावशी, आपणही बनवूया!"

बनवलं. दुसऱ्या दिवशी बरोबर १२ वाजता गच्चीवर गेलो. सावली मधल्या रेषेवर यायला हवी होती, पण ती चांगलीच बाजूला होती. भाचीचे डोळे भरले. "माझं चुकलंय," म्हणत ती त्रिकोण उपटायला निघाली. मी म्हटलं, "थांब, नक्की काय चुकलंय ते आधी शोधूया का?"

आम्ही शेंगदाणे खात बसून राहिलो. सावली सरकत सरकत साडेबाराच्या जरा आधी रेषेवर आली. चुकलं काहीच नव्हतं! भारतातली सगळी घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून चालतात. जयपूर त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंश आहे. एक अंश सरकायला सूर्याला ४ मिनिटं लागतात, म्हणून आपली दुपार सुमारे २७ मिनिटं उशिरा होते. वर्षभरात हा फरक साधारण पंधरा मिनिटांपर्यंत मागेपुढे होतो.

तुम्हीही करून बघा

• साधारण ३० सेंमीचा चौकोनी पुठ्ठा घ्या. मधोमध एक सरळ रेषा आखा.
• जाड कागदाचा काटकोन त्रिकोण कापा. पाया १० सेंमी, उंची तुमच्या गावाप्रमाणे: जयपूर ५.१, नागपूर ३.९, मुंबई ३.४, पुणे ३.३ सेंमी. (गावाचा अक्षांश बदलला की उतार बदलतो.)
• त्रिकोण रेषेवर उभा चिकटवा.
• फोनमधल्या होकायंत्राने रेषा उत्तर-दक्षिण लावा. त्रिकोणाची उंच बाजू उत्तरेला हवी. आता त्याचा उतार ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असेल.
• दर तासाला सावलीच्या कडेवर पेन्सिलीने खूण करा.

कात्री चालवताना मोठ्यांनी सोबत असावं. आणि हो, सूर्याकडे थेट बघायचं नाही, फक्त सावलीकडे!

बिघडलं तर?

बिघडणारच. वाऱ्याने त्रिकोण आडवा होईल, कोणीतरी पुठ्ठा हलवेल. तेव्हा मुलांना या दोन गोष्टी सांगा.

पहिली, जंतर मंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंहांची. त्यांनी आधी पितळेची यंत्रं वापरून पाहिली. ती लहान होती, त्यांचे आस झिजायचे, मोजमाप चुकायचं. मग त्यांनी दगड-चुन्याची भलीमोठी यंत्रं उभारली. जयपूर, दिल्ली, मथुरा, उज्जैन आणि वाराणसी अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. जयपूरची वेधशाळा २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

दुसरी गोष्ट आपल्या काळातली. ७ सप्टेंबर २०१९ ला चंद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला. इस्रोचे शास्त्रज्ञ हळहळले, पण थांबले नाहीत. काय चुकलं ते शोधलं. पुढच्या लँडरचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा मोठी धरली. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं.

दोन्ही गोष्टींत वाईट वाटण्याला जागा आहे. म्हणून मूल रडलं तर "रडतोस काय!" म्हणू नका. आधी जवळ घ्या. "इतकी मेहनत केलीस, वाईट वाटणारच," एवढं बोला. जरा शांत झालं की विचारा, "आता काय बदलून बघूया?" उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी लगेच सांगू नका. आणि माहीत नसलं तर तसं खुशाल कबूल करा, सोबत शोधा.

भाची पुण्याला परत गेली. तिथे तिने जयपूरचाच त्रिकोण वापरला, आणि खुणा जुळेनात. रात्री तिचा फोन आला. मला वाटलं, आता रडारड.

"मावशी, पुण्याचा उतार वेगळा लागतो ना? मी नवीन कापतेय."

येत्या रविवारी एक पुठ्ठा घेऊन गच्चीवर जा. शेंगदाणे विसरू नका!