दोघांचा संघ की चौघांचा? स्पीडवेच्या जगज्जेतेपदाचे बदलते गणित

विशेष प्रतिनिधी

स्पीडवे या मोटरसायकल शर्यतींच्या सांघिक जगज्जेतेपदाचा गेल्या पाव शतकातील इतिहास पाहिला, तर एक विलक्षण बाब ध्यानात येते. संघात चार-पाच चालक असले की पोलंडचे पारडे जड ठरते. दोघेच असले की सुवर्णपदक दुसऱ्या देशाकडे जाते.

२००१ ते २०१७ या काळात विश्वचषक १७ वेळा झाला. त्यापैकी आठ वेळा पोलंड, चार वेळा डेन्मार्क, तीन वेळा स्वीडन आणि दोन वेळा ऑस्ट्रेलिया विजेते ठरले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने विश्वचषकाच्या जागी 'स्पीडवे ऑफ नेशन्स' ही जोड्यांची स्पर्धा आणली. पुढील पाच वर्षांत रशियाने सलग तीनदा, २०२१ मध्ये ब्रिटनने आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने बाजी मारली. पोलंडच्या हाती सुवर्ण लागले नाही. २०२३ मध्ये व्रोत्सवाफ येथे विश्वचषक पुन्हा भरला, तेव्हा ब्रिटनला थोडक्यात मागे टाकून पोलंडनेच तो जिंकला. २०२४ मध्ये जोड्या परतल्या आणि मँचेस्टरमध्ये ब्रिटन विजयी झाला. तेव्हा प्रश्न पडतो की, या स्पर्धेत जिंकते कोण, देश की नियम?

हा खेळ समजायला सोपा आहे. मातीच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर चार चालक घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात. शर्यत सुमारे मिनिटभरात संपते. ५०० सीसीच्या, मिथेनॉलवर चालणाऱ्या या मोटरसायकलला एकच गिअर असतो आणि ब्रेक मुळीच नसतो. वळणावर मागचे चाक घसरवत गाडी काबूत ठेवणे, हेच खरे कौशल्य. प्रचलित पद्धतीत पहिल्या तिघांना अनुक्रमे तीन, दोन व एक गुण मिळतात, चौथ्याला शून्य.

विश्वचषकाच्या अंतिम फेरीत चार देश असतात आणि प्रत्येक शर्यतीत प्रत्येक देशाचा एक चालक उतरतो. संघातील सर्वांनाच आळीपाळीने धावावे लागते. त्यामुळे एखादा जगज्जेता असून भागत नाही. चौथा चालकही गुण मिळवणारा हवा. साहजिकच ज्या देशाकडे चांगल्या चालकांचा साठा मोठा, त्याचा वरचष्मा राहतो. जोडीच्या स्पर्धेत मात्र दोन अव्वल चालक घडवणारा कोणताही देश सुवर्णाचा दावेदार होतो. रशियाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. त्याच्या तिन्ही विजयांचा भार प्रामुख्याने आर्त्योम लागुता आणि एमिल सैफुतदिनोव या दोघांनीच वाहिला. पुढे २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर महासंघाने रशियन चालकांना स्पर्धेबाहेर केले आणि तीन वेळचा विजेता देश यादीतून एकाएकी नाहीसा झाला.

चुरस टिकवण्यासाठी नियमांना हात घालणे या खेळाला नवे नाही. जुन्या विश्वचषकात पिछाडीवरील संघाला एका शर्यतीत दुप्पट गुण मिळवून देणाऱ्या 'जोकर'ची सवलत होती. जोड्यांच्या स्पर्धेत चार, तीन, दोन आणि शून्य अशी गुणपद्धती आली. तीन-दोन-एक पद्धतीत पहिला व चौथा क्रमांक मिळवणारी जोडी आणि दुसरा व तिसरा क्रमांक मिळवणारी जोडी यांचे गुण सारखेच होतात. नव्या पद्धतीत पहिल्या जोडीला चार, तर दुसरीला पाच गुण मिळतात. म्हणजे एका ताऱ्यापेक्षा दोघांच्या सहकार्याला अधिक मोल आले.

मात्र चुरशीमागचे मूळ दुखणे नियमांत नाही, ते खेळाच्या अर्थकारणात आहे. १९६० मध्ये सांघिक जगज्जेतेपद सुरू झाले, तेव्हा पहिला मान स्वीडनने मिळवला. सत्तरच्या दशकात ब्रिटिश लीग हे जगभरच्या चालकांचे मुख्य कार्यक्षेत्र होते आणि त्या दशकात ब्रिटन व इंग्लंड यांचे वर्चस्वही होते. आज ते स्थान पोलंडच्या 'एक्स्ट्रालिगा'कडे आहे. तोरून, लेश्नो, गोझुफ, लुब्लिन अशा शहरांत स्पीडवे हा मुख्य प्रवाहातील खेळ आहे. सहा वेळा जगज्जेता ठरलेला बार्तोश झ्मार्झलिक याच मातीत घडला. इतर देशांचे बहुतेक अव्वल चालकही उपजीविकेसाठी याच लीगवर अवलंबून आहेत. २०२१ व २०२४ मध्ये ब्रिटनला जिंकून देणारे रॉबर्ट लँबर्ट आणि डॅन ब्यूली हे अनुक्रमे तोरून व व्रोत्सवाफच्या क्लबकडून खेळत आले आहेत. पोलंडला हरवणाऱ्यांचे कसब असे बऱ्याच अंशी पोलंडच्याच धावपट्ट्यांवर धारदार झाले आहे.

ब्रिटनची अवस्था तर विरोधाभासाचा नमुनाच म्हणावी लागेल. २०२१ आणि २०२४ या दोन सुवर्णपदकांच्या मध्ये, २०२३ च्या हंगामाअखेर पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन या दोन जुन्या क्लबांना आपापली धावपट्टी गमवावी लागली. शहरांतील जमिनीच्या वाढत्या किमतींपुढे मातीची धावपट्टी टिकवणे कठीण असते. जोडीच्या स्पर्धेतील सुवर्णपदक ही झीज झाकते. चौघांचा संघ उभा करायची वेळ आली की ती उघडी पडते.

याचा अर्थ जोड्यांची स्पर्धा चुकीची आहे असा नव्हे. मोजक्याच देशांत रुजलेल्या खेळात दरवर्षी एकच विजेता ठरू लागला, तर प्रेक्षक आणि प्रायोजक दोघेही पाठ फिरवतात. क्रिकेटच्या चाहत्यांना हे वेगळे सांगायला नको. लहान संघामुळे अधिक देशांच्या आशा जाग्या राहतात, हा लाभ खराच. परंतु नव्या चालकांची फळी घडण्यासाठी लागतात त्या गावोगावच्या धावपट्ट्या, तरुणांसाठीच्या स्पर्धा आणि तग धरणारे क्लब. संघाची संख्या चारवरून दोनवर आणल्याने यापैकी काहीही निर्माण होत नाही.

म्हणूनच महासंघापुढील खरी निवड दोन की चार ही नाही. जोडीची स्पर्धा दुबळ्या देशांना वेळ मिळवून देऊ शकते. तो वेळ त्या देशांत धावपट्ट्या वाचवण्यासाठी वापरला गेला नाही, तर पदकतक्त्यावर नावे बदलत राहतील. खेळ मात्र एकाच देशाच्या भरवशावर उभा असेल.