आजोबा नेमकं काय काम करायचे?

साताऱ्यातल्या पाटण-जावळीपासून सांगलीतल्या शिराळ्यापर्यंत कुठल्याही गावात विचारा, मुंबईला कामाला गेलेली माणसं भेटतील. तुमच्या घरातही असतील. आजोबा ‘कंपनीत’ होते, एवढं आपल्याला माहीत असतं. पण कंपनीत नेमकं काय करायचे? हे कधी विचारलंय?

विचारा. कारण आहे ॲस्बेस्टॉस. आगीला दाद न देणारं हे स्वस्त खनिज ब्रेक लायनरमध्ये, सिमेंटच्या पत्र्यांत, बॉयलर आणि वाफेच्या पाइपांच्या वेष्टणात सर्रास वापरलं गेलं. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासातून छातीत जातात आणि तिथेच रुतून बसतात. त्यातून ॲस्बेस्टॉसिस होतो, फुप्फुसाचा कॅन्सर होतो आणि फुप्फुसावरच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कॅन्सरही होतो. मेसोथेलिओमा दिसायला साधारण २० ते ५० वर्षं लागतात. म्हणजे धूळ खाल्ली मुंबईत आणि दम लागतो रिटायर होऊन गावी आल्यावर!

हे आपल्याकडे घडलेलं नाही, असं समजू नका. घाटकोपरच्या हिंदुस्तान कंपोझिट्समध्ये (पूर्वीची हिंदुस्तान फेरोडो) ॲस्बेस्टॉसचा माल बनायचा. तिथल्या कामगारांच्या तपासणीत ॲस्बेस्टॉसिस आढळल्याचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता गावाकडचं चित्र बघा. म्हातारा माणूस धापा टाकतोय, एक्स-रेत ‘छातीत पाणी’ दिसतंय. पहिला संशय टीबीचा. तो रास्तच, कारण टीबी आपल्याकडे खूप आहे. दुसरा प्रश्न, ‘बिडी ओढता का?’ पण मेसोथेलिओमाचा बिडीशी संबंध नाही. (फुप्फुसाच्या कॅन्सरचा मात्र आहे. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की तो धोका कित्येक पटींनी वाढतो.) ‘काम काय करत होता?’ हा तिसरा प्रश्न बहुतेकदा राहूनच जातो.

२७ जानेवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाने कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे उशिरा येईल तोपर्यंत ठेवा, असा आदेश दिला. निकाल चांगलाच. पण नोंद ठेवायची कारखान्याने. ठेकेदाराकडे रोजंदारीवर पाइपांची वेष्टणं सोलणाऱ्याची नोंद कोण ठेवणार? गॅरेजमधल्या पोऱ्याची?

साठहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे ते अजून आयात होतं. त्यामुळे विषय फक्त आजोबांचा नाही, तुमचाही आहे. आयटीआय किंवा इंजिनीअरिंग करून साखर कारखान्यात अप्रेंटिसशिप करणार असाल, तर जुन्या पाइपांचं वेष्टण काढण्याआधी ते कशाचं आहे, हे विचारा. जुन्या गाडीच्या ब्रेक ड्रमवर हवा मारू नका. गोठ्यावरचा सिमेंटचा पत्रा शाबूत असेल तर घाबरायचं कारण नाही. तो कोरडा कापणं, फोडणं, त्याचा चुरा झाडणं टाळा. साध्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत.

आणि आज घरी गेलात की एक वही घ्या. कोणती कंपनी, कोणतं खातं, कोणती वर्षं, हे आजोबांना विचारून लिहा. जुनी पगारपावती, ईएसआयचं कार्ड, पीएफ नंबर त्याच वहीत ठेवा. दवाखान्यात जाताना ती वही सोबत न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.