कोनाडा कोणी बुजविला?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागले. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. ज्या रिद्धपूरच्या मातीत 'लीळाचरित्र' सिद्ध झाले, तेथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. हे सारे आनंदाचेच आहे. परंतु ज्या भाषेचा एवढा गौरव झाला, त्या भाषेतील पुस्तक आपल्या घरात नेमके कोठे ठेवलेले असते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. विचारला, तर उत्तर अवघड जाईल.

वर्धा जिल्ह्यातीलच समुद्रपूर तालुक्यातले गिरड घ्या, नाहीतर विदर्भातील दुसरे कोणतेही गाव घ्या. कुडाची, मातीची घरे जाऊन सिमेंटची घरे येत आहेत. नव्या घराचा नकाशा आखताना दूरचित्रवाणीसाठी भिंत मुक्रर होते, फ्रिजसाठी कोपरा ठरतो, मोटारसायकल छपरीत शिरेल की नाही, याची चर्चा होते. देवघर तर असतेच, आणि असावयासच हवे. मात्र पुस्तकासाठी वीतभर जागाही कोणी मागत नाही. शाळेची पुस्तके दप्तरात, दप्तर खाटेखाली आणि बाकीचा छापील कागद रद्दीत!

जुन्या घरात परिस्थिती अशी नव्हती. जाड भिंतीत कोनाडा असे. त्यात दिवा असे आणि पुष्कळदा लाल फडक्यात बांधलेली पोथीही असे. चातुर्मासात 'हरिविजय', 'पांडवप्रताप' किंवा 'भक्तिविजय' लागला, की जागा सारवून पाट मांडला जाई, उजेड नीट पाहिला जाई, आणि अध्याय संपेपर्यंत वाचणाऱ्याला कोणी हाक मारीत नसे. येथे नीट लक्ष द्यावे. पोथीला तीन गोष्टी मिळत होत्या : जागा, वेळ आणि अभय. पोथी वाचणारा मनुष्य आळशी आहे, असे कोणी म्हणत नव्हते. दारी आलेला माणूसही तेवढा वेळ चपला काढून मागे बसे. ज्या समाजाने वाचनाला एवढी प्रतिष्ठा दिली, त्याच समाजात आज हातात कथासंग्रह घेऊन बसलेल्या मुलाला 'काही काम नाही का रे तुला?' असे ऐकावे लागते. कोनाडा सिमेंटने बुजविला, हे खरे. पण त्याआधी तो मनात बुजविला गेला होता.

यावर ठरलेली उत्तरे येतात. पहिले उत्तर जागेचे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे क्षेत्रफळ किमान २५ चौरस मीटर धरले आहे. त्यात दिवाळीनंतर कापूस येतो आणि भाव मिळेपर्यंत घरातच रचून ठेवावा लागतो. पुस्तक ठेवावयाचे कोठे? अडचण खोटी नाही. पण पाट मांडण्याइतकी जागा त्याही घरात निघते. खिडकीच्या बाजूला, कमरेच्या वर, भिंतीपासून बोटभर सुटलेली एक फळी ठोकावी, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्हींपासून पुस्तके वाचतात. खाली सतरंजी आणि पाठीला एक लोड, की झाले. भिंतीवर दूरचित्रवाणी संच टांगताना ज्यांना जागेची अडचण आली नाही, त्यांनी या फळीच्या वेळी तरी ती सांगू नये.

दुसरे उत्तर ग्रंथालयाचे. 'गावात वाचनालय आहे ना, मग घरी कशाला?' महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, अनुदाने ठरविली. त्या अनुदानाची कथा ग्रंथपालांनाच विचारावी. २०१२ च्या पडताळणीनंतर कित्येक वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यताच मिळत नव्हती. अनुदानात ६० टक्के वाढ झाली, ती २०२२ मध्ये. तरीही ग्रंथालय हवेच, त्याविषयी वाद नाही. पण विहीर गावात असली, म्हणून घरात माठ नको, असे कोणती गृहिणी म्हणेल? ग्रंथालयातून आणलेले पुस्तक वाचले जाते ते घरीच, आणि तेथे बसावयास जागा नसेल तर ते न वाचताच परत जाते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरील भिलार ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ती कल्पना सुचली. तिथल्या ग्रामस्थांनी आपल्या घरांतील खोल्या आणि ओसऱ्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या. स्ट्रॉबेरी पिकविणारा शेतकरी हे करू शकतो, तर कापूस आणि सोयाबीन पिकविणारा का करू शकणार नाही? फरक एवढाच, की भिलारमध्ये पुस्तके येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी मांडली. येथे ती घरच्यांसाठी मांडावयाची आहेत.

शहरांत आता उलट थाट दिसतो. मऊ उशा, पिवळा दिवा, कुंडीतील वेल, रंगाप्रमाणे लावलेली पुस्तके, आणि त्या कोपऱ्याचे छायाचित्र मित्रमंडळींना पाठविले जाते. हौसेला मोल नाही, पण ही आरास म्हणजे वाचन नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, ते ग्रंथसंग्रहासाठी. तिथे पुस्तके घराची शोभा नव्हती, पुस्तकांसाठी घर होते.

गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि त्या परिसरात जायफळासारखे गोल दगड सापडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, ही आख्यायिका गावातील पोरापोराला पाठ आहे. गोष्ट सुंदर आहे, ती टिकलीच पाहिजे. पण तो दगड हातात घेऊन एखाद्या मुलीने विचारले, 'हे खरोखर काय आहे?' तर? दख्खनच्या लाव्ह्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पाण्याबरोबर आलेली खनिजे साचली आणि झिओलाइटचे असे गोळे तयार झाले, हे तिला सांगणारे पुस्तक घरात नसेल, तर तिचा प्रश्न तेथेच विरतो. मोबाइलवर ते सापडेल, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या घरातील मोबाइल संध्याकाळी कोणाच्या हातात असतो आणि त्यावर काय चालू असते, ते आधी पाहावे.

मुलगी म्हटले ते मुद्दाम. घरात वाचावयास बसलेल्या मुलाला एकदा हाक येते, मुलीला दहा वेळा. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी शिकविले, तेव्हा घरातल्याच बायकांनी त्यांचा केवढा छळ मांडला, ते १९१० च्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आता छळ नाही, हे मान्य. आता फक्त हाका आहेत. पाणी आण, कुकर बंद कर, धाकट्याला घे. आपणही घरोघर संपर्काला जातो, संस्कृती आणि संस्कार यांवर तासभर बोलतो. त्या वेळी आतून चहा घेऊन कोण येते? बहुधा पुस्तक पालथे टाकून उठलेली मुलगीच. बैठकीचा वृत्तांत लिहिताना याची नोंद कोणी करीत नाही.

म्हणून गिरडसारख्या गावातील घराघरांत फळी ठोकण्याबरोबर आणखी एक व्यवस्था लावावी लागेल, आणि तिला पैसाही पडत नाही. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार शेतात कोणी जात नाही, रस्ते ओस पडतात, माणसे कूलरसमोर पडून राहतात. वाचनाला याहून चांगला काळ नाही. त्या चार तासांतले दोन घरातील मुलीसाठी राखून ठेवावेत. ती फळीखाली सतरंजीवर बसली असेल, तोवर ज्याला तहान लागेल, त्याने स्वतः उठून माठातले पाणी घ्यावे.